धंद्याचा कॉम्प्युटर नटवताना: विंडहॉक आणि रेनमीटर

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचायला नको. डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान अशा चौकटी मांडणारा रेनमीटर बिनधास्त घ्या. विंडोजच्या रूपात छोटे बदल करणारा विंडहॉकही घ्या, पण त्यातले मॉड, म्हणजे बदलाचे तुकडे, मोजकेच घाला. आणि विंडोजच्या स्वतःच्या फायली बदलून रूप पालटणारे जे पॅचर आहेत, त्यांना कामाच्या मशीनवर थारा देऊ नका. हे मत गेम खेळणाऱ्या पोराचं नाही, सांगलीत डीटीपीचं दुकान चालवणाऱ्या बाईचं आहे, तेव्हा तेवढ्या हिशेबाने घ्या.

दुकानात लग्नपत्रिका, बिलबुकं, वास्तुशांतीची निमंत्रणं, आणि निवडणूक लागली की फ्लेक्सच फ्लेक्स. दोन मॉनिटर आहेत. एकावर दिवसभर कोरल ड्रॉ हा डिझाइनचा प्रोग्रॅम उघडा असतो, दुसऱ्यावर गिऱ्हाईकाने व्हॉट्सअपवर पाठवलेला मजकूर. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. त्या दिवसांत मशीन अर्धा तास जरी रुसलं तरी काउंटरला नवरीचे मामा टेकून उभे. त्यामुळे कुठलाही प्रोग्रॅम बघताना 'दिसतं किती छान' हा प्रश्न माझ्यासाठी दुसरा. पहिला प्रश्न: नको झालं तर मूळपदावर यायला किती वेळ लागतो?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझ्यासारखे बरेच दुकानदार ११ वर आले. आल्या आल्या सगळ्यांची कुरकूर एकच: टास्कबार, म्हणजे पडद्याच्या तळाची पट्टी. आयकॉन मधोमध, घड्याळात वार नाही, राइट क्लिक केलं तर अर्धा मेनू. यातलं निम्मं गाऱ्हाणं कुठलाही प्रोग्रॅम न घालता मिटतं. पर्सनलायझेशनमध्ये जाऊन आयकॉन डावीकडे घ्या. उघड्या फायलींची बटणं नावासकट वेगवेगळी दाखवण्याची सोय ११ मध्ये सुरुवातीला नव्हती, ती २०२३ मध्ये परत आली. तिथेच खाली आहे. आणि शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की जुना पूर्ण मेनू थेट उघडतो. एवढ्या एका गोष्टीसाठी लोक काय काय डाउनलोड करून बसतात, बघून हसू येतं.

उरलेल्या निम्म्यासाठी विंडहॉक.

हा एक लहानसा प्रोग्रॅम आहे. त्याच्या आत 'मॉड' नावाचे तुकडे असतात, प्रत्येक मॉडचं काम एकच. टास्कबारची उंची कमी करणारा वेगळा, घड्याळ बदलणारा वेगळा, टास्कबारवर माऊसचं चाक फिरवून आवाज कमीजास्त करणारा वेगळा. बनवणारी मंडळी तीच, ज्यांनी विंडोज ७ च्या काळात 'सेव्हन प्लस टास्कबार ट्वीकर' काढला होता; टास्कबारच्या आतड्यात हात घालायची त्यांची सवय जुनी आहे. मला आवडलं ते त्याचं काम करण्याचं तंत्र. विंडहॉक डिस्कवरच्या विंडोजच्या फायलींना हात लावत नाही. चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत तो आपला कोड घालतो. शिंपी पक्की शिलाई मारण्याआधी कच्ची टीप घालतो ना, तसं हे: दोरा ओढला की कापड जसंच्या तसं. मॉड बंद केला की बदल जातो. काही मॉडना एक्स्प्लोरर (टास्कबार आणि फोल्डर दाखवणारा विंडोजचा भाग) पुन्हा सुरू करावा लागतो, इतकंच.

घड्याळाचंच बघा. टास्कबारच्या घड्याळात वार आणायचा एक फुकटचा मार्ग विंडोजमध्येच आहे. रीजनच्या सेटिंगमध्ये जाऊन शॉर्ट डेटच्या साच्यात वाराची अक्षरं घातली की झालं. पण हा साचा नुसत्या घड्याळाचा नाही, तो अख्ख्या मशीनचा. एक्सेल, हिशेबाचा प्रोग्रॅम, बिलिंग, जे जे कोणी विंडोजला तारखेचा साचा विचारतं, त्या सगळ्यांना तो बदललेला मिळतो. मला बिलाच्या तारखेत 'मंगळ' नको आहे. विंडहॉकचा घड्याळाचा मॉड फक्त घड्याळ बदलतो: वरच्या ओळीत वेळ, खालच्या ओळीत वार आणि तारीख, रंग आणि फॉन्ट आपल्या आवडीचा. बाकी मशीनला पत्ताही नाही. माझ्या लेखी या प्रोग्रॅमची किंमत इथेच वसूल होते, आणि किंमत तर शून्य आहे.

दुसरा मॉड मी कोणी न विचारता सगळ्या डीटीपीवाल्यांना सांगते. एक्स्प्लोररच्या तपशीलवार यादीत फाईलचा आकार विंडोज कायम केबीत दाखवतो. कोरलची मोठी फ्लेक्सची फाईल असली की समोर '२४,८७,३१२ केबी' असं काहीतरी येतं आणि आपण बोटं मोजत बसतो. या मॉडने तिथे सरळ '२.३७ जीबी' दिसतं. फोल्डरचा आकारही त्याच रांगेत दाखवता येतो, पण त्यासाठी 'एव्हरीथिंग' हा फायली शोधणारा प्रोग्रॅम जोडीला ठेवा. नाहीतर प्रत्येक फोल्डर मोजत बसावं लागतं आणि सगळंच रेंगाळतं. डी ड्राइव्ह भरला की कुठल्या गिऱ्हाईकाचं सामान किती जागा अडवून बसलंय ते एका नजरेत कळतं. सरपंचपदाच्या इच्छुकाने निवडणुकीनंतर कधी न नेलेल्या फ्लेक्सच्या फायली असतात, त्या मी अशाच शोधून काढते. हा मॉड सजावटीत मोडतो की सोयीत, यावर वाद घाला हवं तर.

आता काळजीचा भाग. दुसऱ्याचा कोड आपल्या एक्स्प्लोररच्या आत चालणार म्हणजे जोखीम आहेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. विंडहॉकने त्यावर दोन उपाय ठेवलेत. एक, प्रत्येक मॉडचा मूळ कोड तिथल्या तिथे एका टॅबमध्ये वाचायला मिळतो. मला सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमची भाषा येत नाही आणि तुमच्यातल्या बहुतेकांनाही येत नसेल, पण हा कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांसमोर पडलेला असतो आणि मॉड यादीत येतो तो तिथूनच. ज्यांना वाचता येतो ते वाचतात. दुसरा उपाय आणीबाणीचा. टास्कबारच गायब झाला, एक्स्प्लोरर पुन्हा पुन्हा कोसळायला लागला, तर विंडहॉक उघडणार कुठून? त्यासाठी कंट्रोल, विंडोज आणि डब्ल्यू ही बटणं एकत्र दाबायची. एक छोटी चौकट येते आणि तिथून विंडहॉकपर्यंत पोचता येतं. ही बटणं मी चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली आहेत, कारण मी नसताना दुकान आमचा मुलगा बघतो.

मॉड निवडताना माझा हिशेब सोपा आहे. टास्कबारचं अख्खं रूप पालटणारे जे 'स्टायलर' मॉड आहेत, ते चित्रात फार देखणे दिसतात. घरच्या लॅपटॉपवर मी त्यांच्याशी मनसोक्त खेळते. दुकानात नाही. कारण साधं आहे: टास्कबारची आतली रचना मायक्रोसॉफ्ट अपडेटमधून बदलत असतं, आणि जो मॉड जितक्या जास्त ठिकाणी हात लावतो तितका तो अशा बदलात अडकण्याचा संभव जास्त. घड्याळाचा मॉड बिघडला तर घड्याळ साधं दिसेल. अख्खा टास्कबार बिघडला तर काम थांबेल. नुसतं रूप नाही, टास्कबारची जागा बदलून तो वर किंवा उभा नेणारेही मॉड आहेत. ज्यांना ११ मध्ये ती गोष्ट हवीच होती, त्यांनी ते पाहावेत, पण मोठं अपडेट घ्यायच्या आधी बंद करून ठेवावेत. एक गोष्ट विंडहॉकच्या बाजूने: गेम आणि विंडोजचे अत्यावश्यक भाग यांच्यात तो मुळातच शिरत नाही, तशी वगळण्याची यादी आधीपासून लावलेली आहे.

रेनमीटरची गोष्ट वेगळी. हा जुना, २००१ सालापासूनचा, किम्मो पेक्कोला या माणसाने सुरू केलेला. आता मुक्त स्रोत आहे, बरीच माणसं मिळून सांभाळतात. तो विंडोजच्या कुठल्याही भागाचं रूप बदलत नाही. डेस्कटॉपवर आपल्या चौकटी मांडतो, ज्यांना 'स्किन' म्हणतात. घड्याळ, ड्राइव्हमधली शिल्लक जागा, प्रोसेसरवरचा ताण, हवामान, टिपणवही. बसवल्यावर 'इलस्ट्रो' नावाचा एक काळपट, बरा दिसणारा संच आपोआप समोर येतो. तेवढ्यावरच थांबलात तरी चालेल.

पण थांबू नका, कारण खरी मजा स्वतः स्किन लिहिण्यात आहे, आणि मराठी माणसाला ती करायला सबळ कारण आहे. मला दुसऱ्या मॉनिटरवर 'गुरुवार, १२ फेब्रुवारी' असं, असंच, हवं होतं. विंडोजमध्ये देवनागरी आकडे चालू करायची सोय आहे, पण पुन्हा तेच: ते सेटिंग सगळ्या मशीनला लागतं आणि नको त्या प्रोग्रॅममध्ये आकडे बदलून बसतात. रेनमीटरमध्ये हे एका चौकटीपुरतं होतं.

स्किन म्हणजे साधी मजकुराची फाईल, नोटपॅडमध्ये उघडते. वेळ मोजणाऱ्या भागात 'फॉरमॅट लोकेल' अशी एक ओळ घालायची आणि तिच्यापुढे मराठीचा आणि भारताचा संकेत, एम आर, आडवी रेघ, आय एन. एवढ्याने वार आणि महिना मराठीत येतात. आकडे मात्र इंग्रजीच राहतात. त्यासाठी 'सब्स्टिट्यूट'ची ओळ लिहून शून्यापासून नवापर्यंत दहा जोड्या द्यायच्या: इंग्रजी एक दिसला की तिथे देवनागरी १. आता ज्यावर लोक हटकून अडतात ती पायरी. फाईलमध्ये देवनागरी अक्षर आलं की ती जतन करताना नोटपॅडच्या सेव्ह ॲजमध्ये खाली एन्कोडिंग 'यूटीएफ-१६ एलई' निवडावं लागतं. नाहीतर डेस्कटॉपवर मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हांची रांग उमटते आणि माणूस फॉन्टला शिव्या देत बसतो. फॉन्टचा काही दोष नसतो.

फॉन्टबद्दल म्हणाल तर विंडोजमधला निर्मला चालतोच, पण मी 'मुक्त' नावाचा लावलाय. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा आहे, फुकट मिळतो, आणि लांबून वाचायला स्वच्छ. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार स्किनमध्ये मराठी घालणार असाल तर चौकटीची उंची थोडी वाढवा. रफार, वेलांट्या आणि खालचे उकार यांना जागा लागते. तिथे कंजुषी केलेली असली तर 'सप्टेंबर' डोक्यावर कापलेला दिसतो.

शेवटी त्या स्किनवर राइट क्लिक करून मॅनेजमध्ये जागा 'ऑन डेस्कटॉप' ठेवायची आणि 'क्लिक थ्रू'वर खूण करायची. मग चौकट कधी कोरलच्या वर येत नाही आणि माऊस तिच्यावर अडकत नाही. ही खूण नसेल तर दिवसातून दहा वेळा चुकून घड्याळ ओढलं जातं.

गिऱ्हाइकांचं लक्ष जातंच. परवा एक ओळखीचे गृहस्थ नातीच्या बारशाचं कार्ड बघायला आले आणि कार्ड सोडून स्क्रीनकडेच बघत बसले.

"वहिनी, कॉम्प्युटरवर तारीख मराठीत कशी काय हो आली?"

"मीच केलीय, काका."

"मग तिथी पण घाला की त्यात."

तिथीचं गणित रेनमीटरला अशक्य नाही. त्यात लुआ भाषेतले छोटे प्रोग्रॅम चालतात, कोणी नेटाने लिहिलं तर होईल. पण मुहूर्त आणि तिथी या गोष्टी मी गुरुजींनी लिहून दिलेल्या कागदावरून छापते आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाशी पडताळते. डेस्कटॉपवरच्या शोभेच्या चौकटीवर विसंबून पत्रिका छापायची हिंमत माझ्यात नाही.

तयार स्किन घ्यायच्या तर डेव्हियंटआर्ट या कलाकारांच्या संकेतस्थळावर ढिगाने आहेत. त्या 'आरएमस्किन' नावाच्या पॅकेटमध्ये येतात आणि उघडल्यावर एक खिडकी दाखवते की आत काय काय आहे. ही खिडकी वाचा, नेक्स्ट नेक्स्ट करू नका. यादीत नुसत्या स्किन आणि लेआउट असतील तर ठीक. 'प्लगइन' असा रकाना दिसला तर तिथे तयार प्रोग्रॅमचा तुकडा आहे असं समजा, आणि तो कोणाचा हे कळत नसेल तर पॅकेट बंद करा. शिवाय स्किनमधून विंडोजच्या कमांड चालवता येतात, म्हणजे साधी मजकुराची फाईलही अगदीच सोवळी नसते. पण ती वाचता येते, हा मोठा दिलासा. मी अनोळखी स्किन नोटपॅडमध्ये उघडून वर्णनाशी न जुळणारं काही दिसतं का ते आधी चाळते.

'नुसती थीम तर आहे, तिने काय होणार' असं म्हणणाऱ्यांसाठी दोन घडलेल्या गोष्टी. विंडोजच्या थीम फायलींमध्येच एक भोक सापडलं होतं, थीमब्लीड नावाने गाजलं. मुद्दाम तशी बनवलेली थीम फाईल उघडली की परक्याचा कोड आपल्या मशीनवर चालू शकत होता. सप्टेंबर २०२३ च्या अपडेटमध्ये ते बुजवलं. लिनक्सवाल्यांनीही हसू नये. मार्च २०२४ मध्ये केडीई या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या अधिकृत स्टोअरमधून घेतलेली एक ग्लोबल थीम बसवल्यावर एका माणसाच्या सगळ्या फायली पुसल्या गेल्या. त्यात दुष्टपणा नव्हता, थीमच्या सोबत येणाऱ्या कोडमध्ये पुसण्याची कमांड निष्काळजीपणे लिहिलेली होती. पण फायली गेल्या त्या गेल्याच. तेव्हा स्टोअर अधिकृत आहे म्हणून आतला प्रत्येक माल तपासलेला असतो असं धरू नका. विंडोजच्या बाजूला स्क्रीनसेव्हरचंही तेच: 'एससीआर' फाईल म्हणजे सरळ सरळ चालणारा प्रोग्रॅम आहे, चित्र नव्हे.

आता पॅचर. एक्सपी या जुन्या आवृत्तीपासून विंडोज फक्त मायक्रोसॉफ्टची सही असलेल्या थीम चालू देतो. बाहेरची थीम लावायची तर ती सही तपासणारा भागच निकामी करावा लागतो, आणि जुन्या धाटणीचे पॅचर त्यासाठी सिस्टिम फोल्डरमधली मूळ फाईल बदलतात. पुढे अपडेट येतं, ते आपली नवी फाईल आणतं, आणि दोघांचं जमलं नाही की गोंधळ. आमच्या ओळीतल्या एका दुकानात हे बघितलंय: लॉगिन झालं, पडदा काळा, मधोमध माऊसचा बाण तेवढा हलतोय. सिस्टिम फायली दुरुस्त करायची कमांड चालवून मूळ फाईल परत आली, पण दुपार गेली. स्टार्ट मेनू आणि टास्कबार जुन्या रूपात आणणारे स्टार्टऑलबॅक आणि एक्स्प्लोरर-पॅचर यांचा प्रकार थोडा वेगळा आहे आणि त्यांचे चाहतेही खूप आहेत. तरी २०२४ मध्ये विंडोज ११ च्या २४एच२ या मोठ्या अपडेटची चाचणी चालू असताना ते बसवलेल्या मशीनला विंडोजने आधी हे काढा मग अपग्रेड घ्या असं अडवलं होतं, हे ध्यानात ठेवा. माझी स्वतःची रेघ इथे आहे: बसवताना कोणी म्हणालं की अँटिव्हायरसमध्ये आमच्यासाठी अपवाद घाला, की मी तिथेच नमस्कार करते.

काहीही बसवायच्या आधी स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करून बघा. बऱ्याच मशीनवर सी ड्राइव्हचं संरक्षण बंदच असतं. चालू करा आणि एक पॉइंट काढा. तो तुमच्या कोरलच्या फायली वाचवत नाही, फक्त सिस्टिम मागे नेतो, त्यामुळे कामाचा बॅकअप वेगळा. आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेला असेल, जो नव्या मशीनवर अनेकदा आपोआप होतो, तर त्याची रिकव्हरी की आत्ताच शोधून कागदावर उतरवा. दुरुस्तीच्या पडद्यावर ती अठ्ठेचाळीस आकड्यांची की मागितली जाते तेव्हा गिऱ्हाईक समोर असतं आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो.

हलणाऱ्या वॉलपेपरसाठी लाइव्हली चांगला आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर फुकट मिळतो, पूर्ण पडद्यावर काही चालू असलं की स्वतःहून थांबतो. पण आठ जीबी रॅमवर कोरल चालवणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये. पारदर्शक टास्कबार हवा तर ट्रान्सल्युसंटटीबी तिथेच आहे, निरुपद्रवी, शोभेपुरता.

काढून टाकायचं झालं तर विंडहॉक कंट्रोल पॅनेलमधून जातो आणि मॉडचे बदलही त्याच्याबरोबर जातात. रेनमीटर गेला तरी डॉक्युमेंट्समधला स्किनचा फोल्डर मागे राहू शकतो. तो पुसू नका, पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. मी तोच फोल्डर घरच्या लॅपटॉपवर टाकला आणि मराठी घड्याळ तिथे पुन्हा लिहावं लागलं नाही, फक्त मुक्त फॉन्ट तेवढा बसवावा लागला.